अडॅप्टर तेवढा राहू द्या

कारंजेवाल्याची एक खोड होती. नवं कारंजं कुणाच्या घरी पोचवलं की तो त्यात पाणी भरायचा, खटका दाबायचा, पाण्याखालचा दिवा लागला की शर्टाची बाही वर सारायचा आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घालून तसाच उभा राहायचा. मग घरच्यांशी गप्पा. मुलांच्या शाळेच्या, गुडघेदुखीच्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या. हात पाण्यातच. शेवटी कुणीतरी न राहवून विचारायचंच, अहो, शॉक नाही का बसत. तो याच प्रश्नाची वाट बघत असायचा.

"बारा व्होल्ट," तो म्हणायचा. "बारा व्होल्टने माशीसुद्धा मरत नाही."

लोक हसायचे. एखादं पोर पुढे होऊन स्वतःचा हात घालायचं, आई ओरडायची, आणि मग तीही घालून बघायची. त्या क्षणी ते कारंजं घरातलं होऊन जायचं.

कारंजी तशी लहानच. दगडी भांडं, त्यात एकावर एक रचलेले गोटे, आत मुठीएवढा पंप आणि पाण्याखाली स्टीलच्या कडीत बसवलेला पिवळा दिवा. दवाखान्यात, शिकवणीच्या वर्गात, निवृत्त माणसांच्या बैठकीच्या खोलीत ती ठेवलेली असत. कुठे पाण्याचा आवाज खळखळता हवा, कुठे नुसता पाझरल्यासारखा. एखादा गोटा बोटभर सरकवून तो आवाज बदलायचा. तासन् तास कान लावून बसायचा. बायको म्हणायची, माझं ऐकायला एवढा कान कधी दिला नाहीत.

त्याआधी तो ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडर होता. म्हणजे तांब्याची तार गुंडाळणारा. उमेदीची सगळी वर्षं त्याने वेढे घालण्यात काढली. त्यांचा फोरमन प्रत्येक नव्या माणसाला समोर बसवून एकच गोष्ट सांगायचा. ट्रान्सफॉर्मर म्हणजे सासू-सुनेचं बिऱ्हाड. एका बाजूला भिंतीच्या प्लगातून आलेली वीज, ती सासू. माणूस मारायची ताकद तिच्यात. दुसऱ्या बाजूला बारा व्होल्ट, ती सून. दोघी एका छपराखाली राहणार, सासूचं बळ सुनेला मिळणार, पण दोघींनी एकमेकींना शिवायचं नाही. मधे भिंत. पिवळ्या टेपची, तीही तीन पदरी. भिंत फुटली की सुनेच्या अंगात सासू आली म्हणून समजा.

पुढे कारंजेवाला स्वतःच ही गोष्ट नवशिक्यांना सांगू लागला. सासूचा आवाज काढून सांगायचा. पोरं हसून लोळायची, पण टेप कुणी कमी लावायचं नाही.

कारखान्यात तयार झालेला प्रत्येक नग शेवटी एका यंत्राखाली जायचा. यंत्र त्याच्यावर जबरदस्त दाबाची वीज सोडायचं. भिंतीला केसाएवढी चीर असली तरी यंत्र किंचाळायचं. किंचाळलेला नग सरळ पत्र्याच्या डब्यात. त्यावर वाद नाही, रदबदली नाही.

कारखाना बंद पडला. यंत्र भंगारात गेलं. तिथून तो घरी घेऊन आला ते फक्त बूट. जाड रबरी तळाचे, कामावर सक्तीचे. झिजले की शोधून तसेच दुसरे आणायचा. टाचांना भेगा होत्या, अनवाणी पाऊल टाकवत नसे. त्यामुळे लोकांच्या घरातही तो बूट काढायचा नाही. बायका आपल्या फरशीकडे बघून नाक मुरडायच्या. पाणी खळखळू लागलं की विसरून जायच्या.

सुरुवातीला कारंज्याचा ट्रान्सफॉर्मर तो स्वतः गुंडाळायचा. विटेएवढा जड, हाताला कोमट आणि सतत घुं घुं करणारा. लोकांना पाण्याचा आवाज हवा होता, ही घुं घुं नको होती. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, माझे पेशंट आधीच गळून गेलेले असतात, त्यांना वाटतं आत ड्रिल सुरू झालं.

म्हणून तो होलसेलकडे गेला. होलसेल म्हणजे सुट्या भागांचा दुकानदार. एक स्क्रू मागितला तरी तो अख्खा पुडा पुढे करायचा, त्यावरून त्याचं हेच नाव पडलं होतं. होलसेलने त्याच्या तळहातावर एक काळा अडॅप्टर ठेवला. हलका, थंड, गप्प. कारंजेवाल्याने तो घरी नेऊन फोडला. आत भिंत होती. पिवळी टेप, तीन पदर, कडेला नीट जागा सोडलेली. कुणीतरी मन लावून काम केलं होतं. त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने पेटीच उचलली.

पेटीतले अडॅप्टर चिकटवून बंद केलेले होते. उघडला की वाया गेला. बाहेरून सगळे जुळ्या भावंडांसारखे. एक चांगला निघाला, म्हणून सगळे चांगले. आणि खात्री करायला यंत्र नव्हतं. यंत्र नव्हतं, म्हणून हात.

एकदा बायको स्वयंपाकघरात ओट्यावरचं तयार कारंजं पुसत होती. ते चालूच होतं. तिच्या पायात काही नव्हतं आणि फरशी नुकतीच धुतलेली होती. ती म्हणाली, "अहो, या पाण्यात हाताला मुंग्या येतायत."

तो आला. बुटांसकट आला. हात घातला, बराच वेळ ठेवला. काही नाही. म्हणाला, तुला माझं काहीही झोंबतंच. ती हात पुसून भांड्यांकडे वळली. ते कारंजं लगेच कुणाच्या तरी घरी गेलं. कुणाच्या, ते पुढे त्याला किती डोकं खाजवलं तरी आठवेना.

दातांच्या दवाखान्यात सफाईला एक मावशी होत्या. दवाखाना उघडायच्या आधी त्या फरशी धुवायच्या आणि मग कारंज्यात तांब्याने पाणी घालायच्या. कारंजं त्या आपलंच समजत. एखाद्या पेशंटच्या पोराने गोट्याला हात लावला की अशा खेकसायच्या, की पोर दातदुखी विसरायचं. गोटे घासायला कारंजेवाला आला की दोघांची जुंपलीच.

"आलात का पाणी बघायला? घरी नळ नाही वाटतं."

तो म्हणायचा, मावशी, कारंजं माझं, पण ऐकतं तुमचं. त्या म्हणायच्या, मग पगारही मलाच द्या. एकदा त्याने डाग पडलेलं एक लहान कारंजं त्यांना घरी न्यायला दिलं. पंप, दिवा, अडॅप्टर, सगळं. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले. मग पदराखाली झाकून नेलं, चोरून नेल्यासारखं, हसत.

एका सकाळी मावशींना पाण्यातल्या दिव्यावर शेवाळ दिसलं. ते खरवडायला त्यांनी एक हात पाण्यात घातला. वाकताना तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने बेसिनचा स्टीलचा नळ धरला. फरशी ओली होती.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा कारंजं चालू होतं. दिवा लागलेला होता.

कारंजेवाल्याला निरोप गेला तो कारंजं बिघडलंय असा. तो हत्यारांची पिशवी घेऊनच गेला. दारात माणसं होती. मावशी गेल्या होत्या, त्यांना नेलंही होतं. त्यांच्या चपला पायपुसण्यापाशी, जोडीने ठेवलेल्या.

वीज खात्याचा निरीक्षक बाकावर बसून अडॅप्टर फोडत होता. थकलेला, सौम्य माणूस. आवाज चढवून बोलायची त्याला सवय नसावी. त्याने फोडलेला अडॅप्टर कारंजेवाल्यापुढे धरला. टेप एकच पदर होती, तीही अर्धवट. प्लगाकडची तार बारा व्होल्टच्या तारेच्या अंगावरून सरळ ओढून नेली होती. जिथे त्या एकमेकींवर टेकत होत्या तिथलं वार्निश गरम होऊन होऊन तपकिरी झालं होतं. मग ते गेलं.

"पण दिवा लागत होता," कारंजेवाला म्हणाला.

"लागणारच. बारा व्होल्ट होतेच की. त्यांच्या जोडीला प्लगातली सगळी वीज पाण्यात उतरली होती."

"मी याच्यात हात घातला होता. बसवला तेव्हा. नंतरही, दर वेळी. मला काही झालं नाही."

निरीक्षकाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं.

"हे बूट काढता कधी?"

कारंजेवाल्यानेही खाली बुटांकडे पाहिलं. निरीक्षक समजुतीच्या सुरात सांगत राहिला. विजेला माणसातून जमिनीपर्यंत वाट लागते. तुम्ही ती वाट बंद करून उभे राहत होतात. तुमचा हात काय सांगणार. बाराचा आकडा कुणाला वाचवत नाही हो, आतली भिंत वाचवते. या इमारतीत विजेची गळती पकडणारा खटकासुद्धा नाही. सारखा पडतो म्हणून कुणीतरी काढून टाकलाय.

कारंजेवाल्याला यातलं एकही अक्षर नवं नव्हतं. फोरमनची गोष्ट त्याला पाठ होती. सासूचा आवाज काढून तो ती सांगत आला होता. आणि तरी वर्षानुवर्षं लोकांच्या घरात बूट घालून, हात पाण्यात सोडून उभा राहिला होता. तोंडावर पाणी मारायला तो बेसिनकडे गेला, नळाकडे हात नेला आणि तसाच मागे फिरला.

त्याचा जबाब झाला. कुणी त्याला धरलं नाही, कुणी शिवी दिली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची काय चूक, तुम्हालाही फसवलंच ना. शेजारी म्हणाले, वेळ आली की काहीही निमित्त होतं. सगळे इतके चांगले वागले की त्याला वाटायचं, एखाद्याने तरी चारचौघांत कानाखाली वाजवावी.

होलसेलने हात वर केले. "काका, माझ्याकडे पेटी येते, पेटी जाते. आत डोकवायला मी काय डॉक्टर आहे?" पेटी कुठून आली ते त्याला ठाऊक नव्हतं. ज्याच्याकडून आली त्याचा फोन लागत नव्हता. बोलता बोलता होलसेलने एका गिऱ्हाइकाला फळीवरून तसलाच काळा अडॅप्टर काढून दिला. कारंजेवाला बघत राहिला. मग म्हणाला, अरे, तो नको देऊस. होलसेल हसला, म्हणाला, काका, घरी जा, आराम करा. गिऱ्हाईकही हसलं.

त्याने ठरवलं, आपण दिलेली सगळी कारंजी परत आणायची. पण त्याला जावं लागलंच नाही. बातमी त्याच्याआधी घरोघर पोचली होती. कारंजी आपणहून परत येऊ लागली. कुणी रिक्षातून आणून दिलं, कुणी गड्याबरोबर पाठवलं, कुणी बेल न वाजवता पायरीवर ठेवून गेलं. जणू दगडांनीच पाप केलं होतं. व्हरांडा भरला, मग जिन्याखालची जागा भरली. बायको त्यांच्यामधून अंग चोरून ये-जा करायची.

त्याने पहिलं कारंजं उचललं, उलटं केलं, वायर हातात घेतली. वायरच्या टोकाला काही नव्हतं. दुसऱ्याच्या टोकाला काही नव्हतं. त्याने सगळी पाहिली. एखादा अपवाद सोडला तर सगळ्यांच्या वायरी नुसत्या लोंबत होत्या.

तो शिकवणीच्या वर्गाच्या मास्तरांकडे गेला. मास्तर त्याला आदराने आत घेऊन गेले.

"अहो, अडॅप्टर ठेवून घेतला मी. चांगला आहे की. इंटरनेटच्या डबीला लावलाय."

"मास्तर, दोष त्याच्यातच आहे. भांड्यात काही नाही, दगडात काही नाही."

"पण आता पाण्यात नाही ना तो."

"पाण्याचा प्रश्नच नाही."

"बारा व्होल्ट आहे हो," मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुम्हीच नाही का सांगितलंत."

हेच सगळीकडे. लोकांना पाण्याची भीती बसली होती. काळ्या डबीची नाही. एकीने ती बाळाला वाफ देण्याच्या यंत्राला लावली होती. एका न्हाव्याने केस कापायच्या मशीनला. एका आजोबांनी रेडिओला, आणि ते म्हणाले, कारंजं घेऊन गेलात ते बरं केलंत, तो आवाज आता ऐकवत नाही, पण अडॅप्टर तेवढा राहू द्या. तो समजावायचा. फोरमनची गोष्ट सांगायचा. आता त्याला सासूचा आवाज काढता येत नव्हता आणि त्याशिवाय ती गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. काहींनी त्याची दया येऊन अडॅप्टर काढून दिला. काहींनी म्हटलं, दुसरा आणा आणि हा न्या. काहींनी दार उघडणंच सोडलं. लोक म्हणू लागले, बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय.

गोळा झालेले अडॅप्टर तो फोडून बघायचा. एखाद्यात तीन पदर असायचे, सुंदर. एखाद्यात पदरच नसायचा. एकाच पेटीतले. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. चांगला निघाला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, म्हणजे वाईट तो अजून बाहेरच आहे.

एका दुपारी त्याने बायकोला विचारलं, "ते ओट्यावरचं कारंजं आठवतं तुला?"

"कुठलं?"

"ज्यात मुंग्या आल्या म्हणाली होतीस."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी कधी म्हटलं असं?"

बायकोला खोटं बोलता येत नसे. इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच इतकं सफाईने बोलली. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. तो उठून व्हरांड्यात गेला आणि दगडांमध्ये बसून राहिला.

मावशींच्या घरी तो सगळ्यात शेवटी गेला. पाय निघत नव्हता, हेच खरं. मावशींची लेक कपडे शिवायची. एकच खोली, एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. जुनं, लोखंडी, पायाने चालवायचं. ती चेहऱ्याने थेट मावशी होती. त्याला पाहून ती उठली नाही.

मशीनच्या मानेवर एक छोटा दिवा होता. पांढरा, सुईवर प्रकाश पाडणारा. त्याची वायर लाल दोऱ्याने मशीनला बांधत बांधत खाली आणली होती आणि तोच दोरा अडॅप्टरलाही गुंडाळला होता. तो काळा अडॅप्टर प्लगात होता. तिचा अनवाणी पाय लोखंडी पायट्यावर होता.

"कारंजं मी टाकून दिलं," ती म्हणाली. "त्यासाठी आला असाल तर."

"ते नाही. तो दिवा बंद कर, बाळ. आधी बंद कर."

"आईने लावून दिलाय तो. डोळे जातील म्हणाली."

तो आत येऊ लागला. प्लगाकडे हात करून म्हणाला, मला तो अडॅप्टर दे, मी उद्या चांगला आणून देतो, तोवर त्याला हात लावू नकोस. त्याला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"त्यातलाच आहे का हा?" तिने विचारलं.

"त्याच पेटीतला."

"आणि तुम्ही तो आईला भेट दिलात."

त्याने मान हलवली. तिने पायट्यावरून पाय काढला, चपला घातल्या आणि भिंतीवरचा खटका बंद केला. मग अडॅप्टर उपसला. त्याने हात पुढे केला. तिने मूठ मिटली.

"तुमच्या हातात मी आता काही देणार नाही, काका. जा तुम्ही."

दार लागलं. आतून मशीनचा आवाज आला नाही. तरी घरी जाताना त्याला खूप दिवसांनी जरा मोकळा श्वास घेता आला. निदान हा एक प्लगातून निघाला. निदान ही पोर.

दुसऱ्या दिवशी तो चांगला अडॅप्टर घेऊन गेला. विकत आणलेला, निरीक्षकाने सांगितलेल्या कंपनीचा. तिने तो घेतला नाही. खिडकीपाशी बसून उजेडात हाताने टाके घालत होती. तो दाराबाहेरच थांबला आणि म्हणाला, मला नको देऊस, पण कालचा फोडून टाक, माझ्यासमोर नाही तरी फोड.

"घरात नको होता मला तो," ती म्हणाली. "दिला. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला."

"चालू आहे म्हणून दिलास?"

"चालू होता की."

तो पळत सुटला. त्या वयात, त्या बुटांत. रस्त्यातली माणसं बाजूला झाली.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली एक फट. पुढे टेबल, टेबलाखाली प्लास्टिकचा क्रेट. क्रेटमध्ये काळे अडॅप्टर, वायरी एकमेकांत गुंतलेल्या. एक बाई नुकतीच पिशवी सावरत तिथून निघाली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि क्रेटमध्ये हात घालून एकेक बाहेर काढू लागला. दुरुस्तीवाला तोंडात स्क्रू धरून बघत होता. शेवटी स्क्रू काढून म्हणाला, "काका, काय हवंय? सांगा तर, मी देतो काढून."

"शिवणकामवालीने दिलेला. काल."

"लाल दोऱ्याचा? तो आत्ताच गेला की. या बाई नव्हत्या का, त्यांना दिला. बारा व्होल्टचाच हवा होता त्यांना. सासऱ्यांना वाफ द्यायच्या मशीनला."

कारंजेवाला उठला. बाई रस्ता ओलांडत होती. हिरवी पिशवी. त्याने हाक मारली, "ताई, ओ ताई, थांबा." तिने वळून पाहिलं. धापा टाकत, हात हलवत एक अनोळखी म्हातारा आपल्यामागे येतोय, एवढंच तिला दिसलं. तिने पाय उचलला. तो आणखी मोठ्याने ओरडला, "तो लावू नका." मधे गाड्या आल्या. गाड्या गेल्या तेव्हा पिशवीचा हिरवा रंग एका इमारतीच्या फाटकात शिरताना दिसला.

तो पोचला तेव्हा जिना रिकामा होता. उंच इमारत. प्रत्येक मजल्यावर दारंच दारं, सगळी सारखी, सगळी बंद. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. कुठेतरी कुणीतरी खोकत होतं. तो खोकला कुठून येतोय ते ऐकायला तो थांबला. कान लावायची त्याला सवय होती. पण आवाज जिन्यात घुमून चहूकडून येत होता.

त्याने एक बेल दाबली. उघडलं नाही. दुसरी दाबली. आतून कुणीतरी म्हटलं, काही नको आम्हाला. मग वरच्या मजल्यावर एका दारात बनियनवरचा एक माणूस आला. साखळी न काढता फटीतून त्याने विचारलं, "काय विकताय?"

"काही नाही."

"मग?"

"आत्ता एक बाई आल्या. हिरवी पिशवी होती. त्या कुठे राहतात?"

"नाव काय त्यांचं?"

"नाव माहीत नाही. त्यांच्याजवळ एक अडॅप्टर आहे. तो लावू नका म्हणून सांगायचंय."

माणसाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्रासिक नव्हता तो. समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

"बिघडलेला आहे का तो?"

कारंजेवाला त्या फटीकडे बघत उभा राहिला. त्याला हो म्हणता आलं असतं. पण त्याने पेटीतले फोडून पाहिले होते, काहींत तीन पदर होते, काहींत नव्हते.

"माहीत नाही," तो म्हणाला.

माणसाने हळूच दार लोटलं. वरच्या एखाद्या मजल्यावर पुन्हा खोकला सुरू झाला. कारंजेवाल्याने कठडा धरला आणि तो पुढचा जिना चढू लागला.